त्यांनी बोलून सांगितलं होतं

माझी ताई बहिरी आहे. गल्लीत तिला मुकी म्हणतात, आणि ते ऐकलं की माझं डोकं आजही फिरतं. ताईइतकं बोलणारं माणूस आमच्या घरात दुसरं झालं नाही. ती हातांनी बोलते, एवढंच. लहानपणी तापात तिचे कान गेले, तेव्हा बाबांनी तिला अमरावतीच्या मूकबधिर शाळेत, वसतिगृहात ठेवलं. बाबा रेल्वेत गँगमन होते. पोरींनी शिकलं पाहिजे यावर त्यांची विहारातल्या वंदनेइतकी श्रद्धा होती. सुट्टीत ताई मूर्तिजापूरला घरी यायची ती दरवेळी नव्या खुणा घेऊन, आणि मी तिच्या मागे लागून त्या शिकायचे. आमचा भाऊ शिकला नाही. तो आम्हा दोघींपेक्षा मोठा. त्याचं म्हणणं, "समजते न मले तिचं. खाय, झोप, ये, जाय. अजून काय लागते?"

आईबाबा गेले. घर भावाकडे आलं आणि ताई घराबरोबर भावाकडे आली, असंच सगळे समजतात. खरं म्हणजे ताई शिवणकाम करून स्वतःचं स्वतः भागवते. अर्ध्या मूर्तिजापूरचे ब्लाउज तिच्या हातचे आहेत. मी लग्नानंतर अकोल्याला, जुन्या शहरात राहते आणि शाळेत शिकवते. सुट्टीच्या दिवशी गाडीत बसते आणि तासाभरात ताईसमोर असते.

ताईला बातम्यांचं वेड. बाबांनी लावलेलं. पेपर ती शब्द न् शब्द वाचायची, पण तिला खरी ओढ होती ती सरकारी चॅनेलवरच्या खुणांच्या बातम्यांची. सगळ्या जगात काय चाललंय ते तिच्या भाषेत सांगणारी तेवढी एकच जागा. आणि ती जागा होती बैठकीतल्या टीव्हीत, जिथे केबल होती, भावाचं क्रिकेट होतं आणि वहिनीच्या मालिका होत्या. ताई येऊन उभी राहायची, मनगटावर बोट ठेवून वेळ झाल्याची खूण करायची. भाऊ हाताने 'थांब' म्हणायचा. जाहिराती लागल्या की मग चॅनेल बदलून द्यायचा, आणि जाहिराती संपल्या की ताईची बातमी अर्ध्यात तोडून परत स्वतःचं लावायचा. बोलत्या माणसाच्या तोंडावर मध्येच हात ठेवावा, तसं. एकदा मी तिथेच बसले होते. मी म्हटलं, "भाऊ, त्या बातम्यांवाल्या बाईचं वाक्य तरी पुरं होऊ दे."

तो खरंच चकित झाला. "वाक्य? थे बाई नुसते हातच तर हालवून राहिली!"

शेवटी ताईने गच्चीवरची खोली साफ केली, तिथे शिलाई मशीन नेलं आणि बाबांचा जुना टीव्ही नेला. केबलवाल्याने वर वायर द्यायची तर वेगळं कनेक्शन लागेल म्हणून सांगितलं. भाऊ म्हणाला, एका घरात दोन कनेक्शन कशाला? तेव्हा ताईने गच्चीवर अँटेना लावला. अमरावतीच्या बाजूला सरकारी टॉवर होता, त्याच्यावरून चित्र यायचं. पण मूर्तिजापूरपर्यंत पोचता पोचता ते पार थकून जायचं. पडदाभर मुंग्या. तुम्हाआम्हाला मुंग्यांतून आवाज तरी ऐकू येतो. ताईला बोटं दिसायला हवीत, आणि मुंग्या आधी बोटंच खातात.

मग स्टेशन रोडच्या दुकानदाराने तिला नवीन डब्बा दाखवला. टॉवरवरून आता डिजिटल सुरू झालंय, तुमचाच टीव्ही, साधाच अँटेना, मध्ये फक्त हा डब्बा. महिन्याला काही भरायचं नाही, कोणाची वायर नाही. "एकदम काचेवानी चित्र येते, मॅडम," तो मला म्हणाला. घेणार होती ताई, बोलला माझ्याशी. ते एक नेहमीचंच.

त्या दुपारी आम्ही दोघींनी अँटेना बसवला. सगळ्यांच्या घरी हे काम आरडाओरड्याने होतं, एक वरून ओरडतो 'आलं का', एक खालून ओरडतो 'गेलं'. आमच्याकडे ओरडून काही उपयोग नव्हता. ताई पाण्याच्या टाकीवर चढून पाइप फिरवत होती आणि मी खोलीच्या दारात टॉवेल घेऊन उभी. पडद्यावर सिग्नलची पट्टी वाढली की टॉवेल वर, उतरली की खाली. समोरच्या गच्चीवरच्या बाईने गहू वाळवायचे सोडून आमचा तमाशा पाहिला. पट्टी हिरवी झाली, चित्र दोनदा चौकोन-चौकोन होऊन फुटलं आणि मग एकदम लागलं. मी टॉवेल इतक्या जोरात फिरवला की ताई टाकीवरून जवळजवळ उडी मारूनच आली.

पडद्यासमोर ती फरशीवर बसली. बातम्या देणाऱ्या बाईची सगळी बोटं दिसत होती, बोटातली अंगठीसुद्धा. ताई पाहत राहिली. मग माझ्याकडे वळली आणि म्हणाली (तिचे हात वऱ्हाडीच बोलतात असं मला वाटतं, म्हणून तसंच लिहिते), "हे बाई 'सरकार' चुकीचं करून राहिली. आमच्या शाळेत असं केलं असतं त हातावर छडी बसली असती."

इतकी वर्षं तिला त्या बाईची चूक काढायचीही सोय नव्हती.

त्यानंतर ती खोली भरायला लागली. ताईच्या शाळेच्या मैत्रिणी, कारंजाची एक, बडनेऱ्याची एक, गावातल्या तिघीचौघी, बातम्यांच्या दिवशी जमायच्या. चहा व्हायचा, आणि बातम्या संपल्या की वाद. मी त्या खोलीत बसले की मलाच मुकं असल्यासारखं वाटायचं, इतके भराभर हात चालायचे. कोणी बघत नसेल तर त्या फरशीवर पाय आपटतात. हादरा लागला की माणूस वळतो. खाली बैठकीत तो आवाज जायचा आणि भाऊ जिन्यात येऊन ओरडायचा, "अरे, काय लावलं हाय? जरा चूप बसा न!" बहिऱ्या बायकांवर, जिन्यातून, ओरडायचा. मी एकदा हसता हसता त्याला ते लक्षात आणून दिलं. त्याला हसू आलं नाही.

पाऊसपाण्याचे दिवस सोडले तर तो डब्बा चांगला चालला. आणि एक दिवस बंद पडला.

निळा पडदा आणि त्यावर 'सिग्नल नाही'. ताईला वाटलं वायर सुटली. ती भर उन्हात टाकीवर चढली, जोड उघडले, घासले, पुन्हा बसवले. अँटेना अमरावतीकडून जरा उजवीकडे केला, जरा डावीकडे केला, मग पार अकोल्याकडे फिरवला, मग बाळापूर, कारंजा, जिथे कधी काही नव्हतं तिथेही. दर वेळी खाली उतरून पडदा बघायचा आणि परत चढायचं, कारण टॉवेल धरायला मी नव्हते आणि घरातून वर कोणी आलं नाही. संध्याकाळी तिने मला व्हिडिओ कॉल केला. पडद्यावर आधी नुसता निळा रंग दिसला, मग तिचा तोंडावरून घाम निथळणारा चेहरा. उजवा हात कोपरापर्यंत खरचटलेला. "बिघडलं," एवढंच म्हणाली.

मी सुट्टी टाकून गेले. डब्बा पिशवीत घालून आम्ही स्टेशन रोडच्या दुकानात गेलो. दुकानदाराने पिशवीत डोकावूनही पाहिलं नाही.

"टॉवर बंद झाला न, मॅडम. डब्ब्याले काय झालं नाही."

"बंद म्हणजे? केव्हा चालू होणार?"

"कायमचा. वरून आदेश आला. आता कोण पाहते असं टीव्ही? तुमी काहून घेतलं होतं हे?"

मी त्याच्याकडे बघतच राहिले. "काहून घेतलं? तुमीच न म्हटलं होतं काचेवानी चित्र येते?"

"मंग, येत नव्हतं काय?" तो म्हणाला, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला मोबाइलचं कव्हर दाखवायला लागला.

ताईने माझा दंड धरला. काय म्हणाला? मी सांगितलं. तिने पुन्हा विचारलं, कारण तिचा विश्वास बसला नाही. टॉवर बंद झाला तर आपल्याला कोणी सांगितलं कसं नाही? मग तिला काही आठवलं. गेले काही दिवस बातम्यांच्या आधी एक चित्र यायचं. एका इमारतीचा फोटो, हलत नसलेला, बराच वेळ. तिला वाटलं कसलातरी वर्धापनदिन असेल.

दुकानदाराला मी ते विचारलं. "हो, थेच," तो म्हणाला. "त्याच्यातच सांगत होते न. बाई बोलत होती मागून."

मी आयुष्यात बऱ्याचदा रागावले आहे. पण असा राग, की कानात नुसतं घुंऽऽ होतं आणि समोरच्या कव्हरांचे रंग दिसेनासे होतात, तो त्या दिवशी आला. ज्या चॅनेलवर बहिऱ्यांसाठी बातम्या होत्या, त्या चॅनेलने बहिऱ्यांना जाताना बोलून सांगितलं. फोटो दाखवला आणि मागून बोलले. ताई त्या फोटोसमोर बसून राहिली, खुणांची वाट बघत.

मी म्हटलं, घरी जाऊ. ताई म्हणाली, "अमरावतीले."

"आज?"

"आजच. नंतर तू म्हनशील शाळा हाय."

आम्ही बस पकडली. अमरावतीला उतरून रिक्षा केली. टीव्हीच्या प्रसारण केंद्राच्या फाटकावर एक चौकीदार होता. तो म्हणाला साहेब कोणाला भेटत नाहीत. ताईने त्याच्याकडे पाहिलंच नाही, ती सरळ आत गेली. तो मागून 'ओ बाई, ओ बाई' करत राहिला. तिला ऐकू येत नाही हे मी त्याला सांगितलं नाही. बोंबलू दे म्हटलं.

साहेब भला माणूस होता. हे मी मुद्दाम सांगते, कारण तो उर्मट असता तर माझं काम सोपं झालं असतं. त्याने खुर्च्या दिल्या, चहा मागवला, आणि ताईची सगळी हकिकत माझ्याकडून ऐकली. हळहळला. मग माझ्याकडे वळून, माझ्याच डोळ्यांत बघत बोलायला लागला. धोरण बदललंय, जमिनीवरचं प्रसारण जुनं झालं, लोक डिशवर गेले, मोबाइलवर गेले. "ह्यांना सांगा, निराश होऊ नका म्हणावं. डिशची छत्री लावून घ्या, सगळं दिसतं त्यावर."

ताई त्याचे ओठ वाचायचा प्रयत्न करत होती. त्याला बोलताना हनुवटी चोळायची सवय होती, हात सारखा तोंडासमोर. ताईने टेबलावर थाप मारली. कप हलले. ती त्याच्याकडे बोट करून म्हणाली, आणि मी जसंच्या तसं सांगितलं, "हात काढा. माह्याकडे पाहून बोला. मी आली हाव, हे सोबत आली हाय."

त्याने हात खाली घेतला. ताईने विचारलं, बंद करताना आम्हाला काहून नाही सांगितलं?

"सांगितलं ना. रोज निवेदन देत होतो."

"बोलून."

"हो, म्हणजे..." तो थांबला. "खाली अक्षरांची पट्टी द्यायला पाहिजे होती. राहून गेलं ते."

राहून गेलं. मी ते शब्द हातांनी सांगितले. 'विसरले' अशी खूण केली, कारण 'राहून गेलं' ला दुसरी खूण मला येत नाही, आणि नीट पाहिलं तर तिचा दुसरा अर्थही नाही.

मग तो माझ्याकडे थोडा झुकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "हे त्यांना सांगू नका, उगाच वाईट वाटेल. पण खरं म्हणजे अँटेनावर पाहणारे प्रेक्षक नगण्य होते."

आवाज कशासाठी खाली आणला, मला अजून कळलेलं नाही.

मी ताईकडे वळले आणि सगळं सांगितलं. 'तुला सांगू नको म्हणतात' इथपासून सांगितलं. नगण्यची खूण मला येत नव्हती, म्हणून म्हटलं, 'मोजण्यासारखे नाहीत'. साहेबाचा चेहरा उतरत गेलेला मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत होता. दिसू दे.

ताईने विचारलं, "कोनी मोजलं? माह्या घरी त कोनी आलं नाही."

तो म्हणाला, अर्ज द्या, मी वर पाठवतो. ताईने तिथेच बसून अर्ज लिहिला, तिचं अक्षर शिलाईसारखं सरळ आहे. वर कुठे गेला तो अर्ज, देव जाणे. उत्तर आलं नाही.

घरी परतलो तर भाऊ बैठकीत बसलेला. झाला प्रकार ऐकून तो म्हणाला, "एवढ्यासाठी अमरावतीले गेल्या तुमी? खाली टीव्ही हाय न घरात. तिले कोन नाही म्हनते?"

माझ्या आत दिवसभर जे साठलं होतं ते त्याच्यावर फुटलं. मी त्याला काय काय बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. तू नाही म्हणतोस, मी म्हटलं. जाहिरातीपुरतं देतोस, भीक दिल्यासारखं. इतकी वर्षं एका घरात राहून तुला बहिणीचं नाव हातांनी घेता येत नाही. त्या साहेबाने एका दिवसात तिला मोजण्यातून काढली, तू तर कधी मोजलंच नाहीस.

"मी पोसतो तिले!" भाऊ उठून उभा राहिला.

"कोन पोसतं? तुह्या बायकोच्या अंगावरचा ब्लाउज कोनं शिवला?"

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती आत निघून गेली. ताई आमच्या दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होती. भांडण कशावरून आहे हे कळायला तिला कान लागत नाहीत. तिने मला बाजूला केलं, भावाला खाली बसवलं, आणि हळूहळू, लहान मुलाला सांगावं तशा खुणा करत म्हणाली, मी वर छत्री लावते. माझ्या पैशाने. तुला काही करायचं नाही.

"स्लॅबले भोकं नको पाडू," भाऊ माझ्याकडे बघून म्हणाला. "गळते मंग. सांग तिले."

"तूच सांग," मी म्हटलं.

मग त्याने वर बोट केलं, मुठीने ड्रिल फिरवल्यासारखं केलं, आणि 'नको' अशी मान हलवून बोटांनी पावसाचे थेंब पाडले. ताईला कळलं. तिने मान डोलावली. मला आनंद झाला असेल असं वाटत असेल तर नाही झाला. इतकं सोपं होतं तर इतकी वर्षं काय करत होता, हाच विचार आला आणि राग दुप्पट झाला.

ताईने एका फुटक्या घमेल्यात सिमेंट कालवून छत्रीचा पाया केला. स्लॅबला एकही भोक पडलं नाही. छत्रीवाला आला तेव्हा तो भावाला विचारायला लागला, कुठं बसवू? भावाने ताईकडे बोट दाखवलं. तेवढं झालं.

आता वर चॅनेलं भरपूर दिसतात. खुणांच्या बातम्याही. मैत्रिणी येतात, पण पहिल्यासारख्या सगळ्या नाही. कोणी मोबाइलवर बघते, आणि बडनेऱ्याची तिच्या मुलाकडे पुण्याला गेली. लोक मला म्हणतात, मग झालं ना चांगलं? आधीपेक्षा जास्तच दिसतं. मी अशा माणसांशी वाद घालायचं सोडलं आहे. ताईला काय दिसतं याचा प्रश्न नव्हता. तिच्याकडून एक गोष्ट काढून घेतली आणि ते तिला सांगण्याचीसुद्धा कोणाला गरज वाटली नाही, याचा होता.

ताईने मात्र तो राग माझ्यासारखा नुसता पोटात ठेवला नाही. तिने हिशेब लावला की गावात आणखी काय काय बोलून सांगतात. नगरपालिकेचा ऑटो भोंगा लावून फिरतो, उद्या नळाला पाणी येणार नाही. रेशनचं, लसीचं, सगळं भोंग्यावर. बहिऱ्या बायकांना कळतं ते नळ कोरडा लागल्यावर. एका सकाळी त्या सगळ्या जणी मिळून नगरपालिकेत गेल्या. मला नंतर कळलं. तिथल्या बाबूने म्हणे विचारलं, सोबत बोलणारं कोणी नाही का? ताईने त्याच्या टेबलावरचा कागद ओढून लिहिलं, "आमीच बोलून राहिलो."

चौकात एक फळा लागला आहे. त्यावर खडूने लिहितात, पाणी कधी, रेशन कधी. सुरुवातीला रोज लिहायचे, आता कधी लिहितात, कधी कालचंच ठेवतात. ज्या दिवशी कालचंच असतं त्या दिवशी ताई मशीन बंद करून नगरपालिकेत जाते आणि बाबू खडू घेऊन बाहेर येईपर्यंत त्याच्या दारातून हलत नाही. कोणाला वाट हवी असेल तर त्याने वळसा घालून जावं.